जळका अक्रोड आणि कुंभकोणमचे हेडमास्तर

रविवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी विजयलक्ष्मी लोखंडी तव्यावर अक्रोड भाजत होत्या. आंघोळ झालेली होती. अंगावर आदल्या दिवशी काठीने उंच दोरीवर वाळत घातलेलं, कुणी न शिवलेलं नऊवारी होतं. बाजूच्या पातेल्यात गरम पाण्यावर चॉकलेटची लादी वितळत होती आणि ओट्याच्या कोपऱ्यात काचेच्या खिडकीचा गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन तापत होता. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या सरकारी क्वार्टर्समधल्या या स्वयंपाकघरात चॉकलेटचा केक सोवळ्यात होतो. चेन्नईत असं दुसरं घर असेल, तर ते अजून कुणाच्या ऐकिवात नाही.

एरवी रविवारी या वेळेला त्या पुटपुटत स्तोत्र म्हणतात. आज गप्प होत्या. साडेदहाला सासरे पाटावर बसणार होते, आणि ते आपल्या हातचं खातील की नाही, हे विजयलक्ष्मींना माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न प्रथमच आला होता. त्याला कारण आदल्या दिवशी चेन्नईच्या टी. नगर बाजारात घडलेला प्रकार.

विजयलक्ष्मी एक्कावन्न वर्षांच्या. जन्म तंजावरचा, घरची भाषा तंजावरी मराठी, नोकरी आवडीतल्याच एका संरक्षण खात्याच्या भांडारात, वरिष्ठ लिपिक. पती हरिप्रसाद कारखान्यात फोरमन आहेत. रविवारी दुपारपर्यंत ते ड्युटीवर असतात, त्यामुळे या प्रकरणात त्यांचा काही भाग नाही. मुलगी शरण्या एकवीस वर्षांची, नुकतीच इंजिनिअर झालेली.

सासरे रामस्वामी राव एकोणऐंशी वर्षांचे. कुंभकोणमच्या एका शाळेत त्यांनी अडतीस वर्षं काढली, त्यातली चौदा हेडमास्तर म्हणून. १९६१ सालापासून त्यांनी घराबाहेर शिजलेलं काही खाल्लेलं नाही. केळं आणि शहाळं चालतं, कारण ते झाडानेच बांधून दिलेलं असतं. चॉकलेट घरात आलं तेव्हा त्यांनी दोन दिवस विचार केला होता. कोको ही बी आहे, भाजतात, दळतात. कॉफीचंही तेच करतात, आणि कॉफीवाचून तंजावरचा ब्राह्मण संध्येलासुद्धा उठत नाही. लादी कारखान्यात होते, पण साखरही कारखान्यातच होते. निकाल लागला. तेव्हापासून दर रविवारी ते चॉकलेटचं काही ना काही खातात, आणि ते निगुतीने, दुसऱ्यांदा मागून खातात.

पदार्थांना नावं त्यांनीच दिली. चक्क्यात चॉकलेट फेटून केलेलं मूस म्हणजे ‘कोकोचें श्रीखंड’. अक्रोड घातलेली, वरून गरम चॉकलेट आणि आइस्क्रीमऐवजी थंड बासुंदी ओतलेली ब्राउनी म्हणजे ‘काळी वडी’. हे सारं आपल्या सुनेने शोधून काढलं आहे, अशी त्यांची समजूत होती. तंजावरी मराठी लोकांच्या रामनवमीच्या जेवणात त्यांनी तसं शंभरेक माणसांपुढे सांगितलंही होतं. “भीमसेनानें बल्लवाचार्य होऊन जें केलें नाहीं, तें आमच्या सुनेनें केलें.”

सुनेने समजूत दुरुस्त केली नाही. उलट त्या दिवशी अन्नपूर्णाबाई नावाच्या शेजारणीने काळ्या वडीची कृती मागितली, तेव्हा ती दिली, पण अंड्याऐवजी घालायचं दही सांगितलं नाही. अन्नपूर्णाबाईंची वडी त्यांच्या घरी फरशी पुसायच्या दगडासारखी झाली असं कळलं. विजयलक्ष्मींनी हळहळ व्यक्त केली.

खरी गोष्ट अशी की दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की, विजयलक्ष्मी आवडीहून लोकलने शहरात जात. घरी सांगितलेलं असे, ‘महिला संघाची मीटिंग’. एकट्याच टेबलावर बसून चॉकलेटचा एक पदार्थ मागवत. तो सावकाश खात. परतीच्या गाडीत पासच्या पाकिटात ठेवलेल्या छोट्या वहीत लिहून काढत: काय लागलं, कधी लागलं, जिभेवर काय उरलं. मग तो पदार्थ जमेपर्यंत पुढचे रविवार. अंड्याची भीती असल्याने हॉटेल फक्त शुद्ध शाकाहारी, आणि तरीही वेटर, मॅनेजर आणि स्वयंपाकघरातला एक माणूस अशा तिघांना वेगवेगळं विचारायचं, हा त्यांचा नियम.

शरण्याला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी आई चपला काढत असतानाच ती मोठ्याने विचारायची, “अम्मा, मीटिंगमध्ये ठराव काय झाला?”

“फज संडे,” विजयलक्ष्मी हळूच सांगायच्या.

“सर्वानुमते?”

“गप बैस गे.”

सासऱ्यांना कळलं तर काय, याचा हिशेब विजयलक्ष्मींनी कधीच करून ठेवला होता. बाहेरचं शिजलेलं खाणाऱ्या बाईने सोवळ्यात रांधलेलं रामस्वामी राव खाणार नाहीत. ते ओरडणार नाहीत, रुसणार नाहीत. स्वतः भात शिजवून घेतील. आणि एकोणऐंशी वर्षांचा माणूस सून घरात असताना स्वतःचा भात शिजवतो, हे अख्ख्या क्वार्टर्सला दिसेल.

ऑगस्टचा पहिला शनिवार आला. शरण्याची नोकरी सुरू होणार होती आणि आजोबांनी तिला कांजीवरम घ्यायचं ठरवलं होतं. रंग आपण स्वतः बघणार, असा त्यांचा आग्रह. म्हणजे तिघांनी टी. नगर.

“मीटिंग बुडाली,” शरण्या आईच्या कानात म्हणाली. “कोरमचं काय?”

साडी दोन तासांत झाली. बाहेर गर्दी एवढी की रामस्वामी राव म्हणाले, कुंभकोणमला महामखाच्या मेळ्यालासुद्धा याहून बरी असते. गुडघे दुखत होते, कुठेतरी बसायला हवं होतं. शरण्या म्हणाली, “तात्ता, इथे जवळच एक हॉटेल आहे. एसी. तुम्ही काही खाऊ नका, नुसतं बसा.” तिने नाव सांगितलं आणि विजयलक्ष्मींनी तिच्या पायावर पाय दिला. गेली तीन वर्षं त्या जिथे सगळ्यात जास्त वेळा आल्या होत्या, ते हेच हॉटेल.

“तें नको. तेथें आवाज फार,” विजयलक्ष्मी म्हणाल्या.

“तुला गे काय ठाऊक?” सासऱ्यांनी विचारलं.

तिघं आत गेली.

रामस्वामी रावांनी पिशवीतून चांदीचं फुलपात्र काढलं, घरून आणलेलं पाणी त्यात ओतलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं. रंगा नावाचा वेटर आला. त्याने मॅडमना ओळखलं, बरोबरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिलं, कपाळावरचं गंध पाहिलं, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. चांगला वेटर होता. मॅडमनी दोन कॉफी सांगितल्या आणि बाकी काही नको म्हणून मान हलवली. तो गेला आणि दहा मिनिटांनी दोन कॉफींबरोबर मॅडमचं नेहमीचंही घेऊन आला, कारण त्याच्या समजुतीने त्या मान हलवण्याचा अर्थ तोच होता.

लाकडी पाटीवर तापलेली लोखंडी ताटली. तिच्यावर ब्राउनी, तिच्यावर आइस्क्रीम. रंगाने वरून चॉकलेट ओतलं आणि ताटली चरचरली. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी माना वळवल्या. धूर ओसरला तेव्हा रामस्वामी राव पुढे वाकून पाहत होते.

“ही तर काळी वडी!”

शरण्या कॉफीत साखर ढवळू लागली.

“विजी, तुझी काळी वडी येथें कशी?”

“कुणास ठाऊक, मामंजी,” विजयलक्ष्मी म्हणाल्या. “दिसायला असेल तशी.”

“कोणाला कृती दिली होतीस?”

“अन्नपूर्णाबाईंना.”

“मग तीच. तिचा भाचा हॉटेलांत आहे म्हणत होती.” हेडमास्तरांचा चेहरा उजळला होता. अशा चेहऱ्याने ते पूर्वी परीक्षेच्या हॉलमधून फिरत. कॉपी पकडण्याबद्दल कुंभकोणमला त्यांचं नाव होतं, आणि त्यांची पद्धत साधी होती. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यातून काही ठरत नाही, बरोबर उत्तर एकच असतं. चुका पाहायच्या. चूक सारखी असेल, तर एकाने दुसऱ्याचं पाहिलं. “चाखल्यावांचून तपासतां येणार नाहीं. चमचा आण.”

“तात्ता!” शरण्या म्हणाली. “बाहेरचं!”

“हें खाणें नव्हे. तपासणी.”

“पण आधी अम्माला तरी विचारा...”

“परीक्षकानें पेपराला हात लावायचा नाहीं काय? बरें, बरें. अंडें नाहीं ना यांत?”

“नाही सर, प्युअर व्हेज,” रंगा म्हणाला.

पुढे जे झालं ते हाताच्या सवयीने झालं. ताटली समोर ओढली गेली. जेवणाचं पात्र समोर आलं की त्याभोवती पाणी फिरवायचं, मंत्र म्हणायचा आणि घोटभर पाणी प्यायचं, याला आपोशन म्हणतात. रामस्वामी रावांचा हात मुंज झाल्यापासून रोज दोनदा ते करत आला आहे. उजव्या हाताने फुलपात्र उचललं, ओठ हलले आणि पाण्याची धार गोल फिरली. केळीच्या पानाभोवती ती जशी फिरते तशीच. फक्त हे पान लोखंडी होतं आणि नुकतंच आगीवरून उतरलेलं होतं.

तोफेचा बार झाल्यासारखा आवाज आला. वाफेचा लोट पंख्यापर्यंत गेला. उकळतं चॉकलेट रामस्वामी रावांच्या पांढऱ्या अंगवस्त्रावर, रंगाच्या शर्टावर आणि शेजारच्या टेबलावरच्या एका इसमाच्या रवा डोशावर उडालं. तो इसम उभा राहिला. रामस्वामी रावांनी मंत्र मध्ये तोडला नाही. तो पुरा केला, घोट घेतला आणि डोळे उघडले.

“तात्ता,” शरण्या नॅपकिन पुढे करत म्हणाली, “तपासणीला आपोशन लागतं का?”

त्यांना आता कुठे कळलं की आपण काय करून बसलो. आपोशन घेतलं की ते जेवण. जेवण सुरू झालं की पात्रातलं संपेपर्यंत उठता येत नाही आणि टाकताही येत नाही. चव्वेचाळीस वर्षांचा नेम टी. नगरच्या एसीत, एका बेसावध क्षणी मोडला होता. त्यांनी चमचा उचलला.

पहिला घास. दुसरा. तिसऱ्या घासाला जबडा थांबला.

“अक्रोड जळका आहे.”

विजयलक्ष्मींनी कॉफीचा पेला तोंडाला लावला.

“विजी, तुझ्याही वडींत अक्रोड जळकाच असतो. मीं तीन वर्षें समजत होतों, कोकोबरोबर तो तसाच लागतो.” त्यांनी चमचा हवेत धरला. “तीच चूक! मॅनेजरला बोलावा.”

मॅनेजर आला. चाळिशीचा, टाय लावलेला. रामस्वामी रावांनी हेडमास्तरी इंग्रजीत त्याच्यावर आरोप ठेवला. हा पदार्थ आवडीच्या एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून चोरलेला आहे, पुरावा पदार्थातच आहे, गृहिणी इथेच बसलेली आहे.

मॅनेजरने गृहिणीकडे पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं.

“सर, आम्ही हा पदार्थ चार वर्षं करतोय. या मॅडमनाच विचारा ना. तीन वर्षं झाली, पहिल्या शनिवारी येतात. कोपऱ्यातलं टेबल. आमच्या स्वयंपाकघरातले लोक यांना ‘अंडं मॅडम’ म्हणतात. प्रत्येकाला विचारतात, अंडं आहे का, अंडं आहे का.”

रवा डोशावाला इसमही आता ऐकत होता.

रामस्वामी रावांनी सुनेकडे पाहिलं नाही. ताटलीत अर्धी ब्राउनी उरली होती. ती त्यांनी खाल्ली, शेवटच्या कणापर्यंत, ताटलीला चिकटलेलं चॉकलेट खरवडून. चौघंजण उभे राहून बघत असताना ते खात होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. शेवटचा घोट पाणी घेऊन ते उठले.

लोकलने मांबळम स्टेशनहून पार्क स्टेशन, समोरचा रस्ता ओलांडून सेंट्रल, सेंट्रलहून आवडी. पावणेदोन तास. रामस्वामी राव एक शब्द बोलले नाहीत. शरण्यालाही खोडी सुचली नाही, यावरून डब्यातल्या हवेची कल्पना यावी. घरी आल्यावर त्यांनी आंघोळ केली, जानवं बदललं आणि जपाला बसले. संध्याकाळचं जेवण नको म्हणाले. ते नेहमीच शनिवारी फक्त दूध घेतात, त्यामुळे त्यातूनही काही कळलं नाही.

म्हणून रविवारी पाच वाजून दहा मिनिटांनी विजयलक्ष्मी तव्यापुढे उभ्या होत्या. काळी वडी करायचीच, हे ठरलं होतं. न करणं म्हणजे कबुली. अडचण अक्रोडाची होती. वहीत तीन वर्षांपूर्वीचं लिहिलेलं होतं: ‘अक्रोड कडू. काळे होईतों भाजणें.’ त्यांना तेव्हा वाटलं होतं, मोठ्या हॉटेलची ती युक्ती असेल. ती युक्ती नव्हती, तिथल्या भटारखान्यातलं दुर्लक्ष होतं, आणि त्यांनी ते इमानाने तीन वर्षं उतरवून काढलं होतं. नेहमीसारखे जाळले तर पुरावा पुन्हा पानावर वाढल्यासारखं. नाही जाळले तर चूक मान्य. पाच वाजून चौदा मिनिटांनी, बदामी रंगावर, त्यांनी तवा उतरवला.

साडेदहाला रामस्वामी राव आले. पाटावर बसले. पानावर भात, वरण, अवियलची भाजी, आणि उजव्या बाजूला कोपऱ्यात काळी वडी होती. त्यांनी फुलपात्राला हात लावला नाही. शरण्या दारात उभी होती, ब्रश तोंडात.

“तीन वर्षें?”

“तीन वर्षें, मामंजी.”

“अंडें?”

“कधींच नाहीं. तिघांना विचारतें.”

“तें कळलें काल.” त्यांनी पान सरळ केलं. “महिला संघ आहे तरी काय?”

“आहे.”

“सभासद किती?”

“मी एकटी.”

दारातून शरण्याला ठसका लागला. रामस्वामी रावांनी तिकडे पाहिलं. “आणि ही कोण? सेक्रेटरी?”

“नुसती हितचिंतक, तात्ता.”

“तोंड धुवून ये.” मग पुन्हा सुनेकडे. “रामनवमीला मीं शंभर माणसांपुढें काय बोललों, तें ऐकत होतीस ना?”

“हो.”

“भीमसेनाला खाली बसवला मीं. आणि तूं उभी होतीस, मान खाली घालून. लाजतेस वाटलें मला.”

“लाजतच होतें.”

यावर त्यांच्या मिशा हलल्या, पण ते सांभाळून घेतलं. “कॉपी करतांना पोर सांपडलें तर मीं काय करीत असें, ठाऊक आहे?”

“वर्गाबाहेर काढत होतां.”

“दुसऱ्यांदा सांपडलें तर. पहिल्यांदा पुन्हा लिहायला लावीत असें. समोर बसवून, ज्याचें त्याचें.”

विजयलक्ष्मी म्हणाल्या, “पुन्हा लिहिलें आहे, मामंजी. पहाटें.”

रामस्वामी राव पानावर वाकले. वडीचा तुकडा मोडायचा तर आधी जेवण सुरू व्हायला हवं, आणि जेवण सुरू व्हायचं तर पाणी. त्यांनी फुलपात्र उचललं. पाण्याची धार केळीच्या पानाभोवती गोल फिरली, ओठ हलले, घोट घेतला. कसला आवाज झाला नाही. विजयलक्ष्मी ओट्याकडे वळल्या आणि सांबाराच्या भांड्यावरचं झाकण काढून पुन्हा ठेवलं.

भात आणि वरण नेहमीच्या क्रमाने झालं. वडी शेवटी. त्यांनी सावकाश चावलं, परीक्षकासारखं.

“जळका नाहीं.”

“नाहीं.”

“मंद आंचेवर?”

“चार मिनिटें.”

“मग ही तुझी,” ते म्हणाले आणि पान पुढे केलं. “आणखी एक वाढ. आणि त्या अन्नपूर्णाबाईला दह्याचें सांग. बिचारीचा दांत हलला म्हणे.”

“तुम्हांला कुणी सांगितलें दह्याचें?”

“अडतीस वर्षें शाळेंत होतों मीं. अर्धें उत्तर लिहिलेलें मला कळतें.”

दुपारी हरिप्रसाद ड्युटीवरून आले तेव्हा वडील खिडकीशी बसून लिहीत होते. काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. शरण्या म्हणाली, “अप्पा, तुम्ही तीन वर्षं मागे आहात.” ते जेवायला बसले.

पत्र इंग्रजीत, रेघा मारलेल्या कागदावर, समासासह होतं. शरण्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि आईसाठी मराठीत सांगितलं. महाशय, आपल्या ब्राउनीत अक्रोड प्रमाणाबाहेर भाजला जातो. मंद आचेवर चार मिनिटं पुरेत. आमच्या घरी ही चूक दुरुस्त करण्यात आली आहे. आपण त्याची नक्कल केल्यास आमची हरकत नाही. काल शेजारच्या टेबलावरील गृहस्थांच्या डोशाचं जे झालं त्याबद्दल दिलगीर आहोत. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी महिला संघाचे दोन सभासद तपासणीस येतील. ताटली आणण्याआधी ती पाच मिनिटं निवू द्यावी.

खाली सही, आणि सहीखाली: निवृत्त मुख्याध्यापक.

“तात्ता, पण तुम्ही बाहेरचं खात नाही,” शरण्या म्हणाली.

“खात नाहीं. तपासतों.”

त्यांनी पाकिटाला भाताची शितं लावली, अंगठ्याने दाबून चिकटवलं, वर पत्ता घातला आणि ते छत्रीच्या बाजूला, दाराजवळ ठेवलं. आज रविवार होता. उद्या सोमवार, आणि आवडीचं पोस्ट ऑफिस सकाळी दहाला उघडतं.